मदत हवी आहे: बोक चॉय या चिनी पालेभाजीचं घरचं बी पेरलं की महिन्याभरात डेंगळे (फुलांचे दांडे) येतात (नागपूर)

नमस्कार मंडळी. मी नागपूरला प्रतापनगरात राहते. गच्चीवर वीसेक ग्रो बॅग आहेत. मेथी, पालक, सांबार (कोथिंबीर), वांगी असं घरापुरतं निघतं.

दोन वर्षांपूर्वी मुलीने बोक चॉयचं पाकीट आणून दिलं. दसऱ्याला पेरलं आणि पहिल्याच खेपेला सुरेख आलं. पांढरेशुभ्र, चमच्यासारखे रुंद देठ, वर गुळगुळीत गडद पानं. लसणाची फोडणी देऊन परतली आणि सासऱ्यांना फारच आवडली. त्यांचे दात गेलेत, पण हे देठ शिजून मऊ होतात, म्हणून ते पोटभर खातात. घरात दुसऱ्या कुठल्या पालेभाजीला ते हात लावत नाहीत, त्यामुळे माझ्यासाठी ही हौसेची भाजी राहिलेली नाही.

त्या वर्षी डिसेंबरच्या सुरुवातीला एका झाडाला दांडा आला. बाकीची खाऊन संपवली आणि हे एक बियाण्याला ठेवलं. शेंगा वाळल्या, मोहरीएवढं लालसर तपकिरी बी निघालं, छोटी डबी भरली. मला कोण आनंद झाला!

गेल्या दसऱ्याला तेच बी १२ बॅगांत पेरलं. महिना-सव्वा महिन्यात ९ झाडांना कांद्याला येतात तसे डेंगळे आले. देठ बारीक आणि हिरवे. पानांवर बोट फिरवलं तर खरखरीत लागायची, उजेडाकडे धरली की बारीक लव दिसायची. ऑक्टोबरच्या उन्हाने असं झालं असेल का? मार्चमध्ये हिरव्या जाळीखाली पाकिटातलं उरलेलं थोडं पेरून पाहिलं, पण पानांच्या कडा जळल्या आणि चव कडवट झाली.

आता पोळा झालाय, दसऱ्याआधी ठरवायचं आहे. पाकीट विकत मिळतं हे खरं. पण माझ्या आईने अंबाडीचं, वालाचं, दोडक्याचं बी कधी विकत आणलं नाही. या भाजीचंही नागपूरच्या हवेत टिकणारं बी घरी धरता येईल का? माझं नेमकं काय चुकलं?

काळीमाती:
ताई, आधी दोन गोष्टी सांगा. पाकिटावर 'संकरित' किंवा 'एफ-१' असं लिहिलं होतं का? तसल्या झाडाचं बी घरी धरलं की मूळसारखं उतरत नाही. आणि आजूबाजूला कुणी शलगम लावतं का?

प्रश्नकर्ती:
पाकीट अजून डब्यात आहे, आत्ताच बघितलं. संकरित वगैरे काही लिहिलेलं नाही. आणि हो, शेजारच्या गच्चीवर काकू दर हिवाळ्यात शलगम लावतात, लोणच्यासाठी! त्या वर्षी काही काढायचे राहिले होते, त्यांना पिवळी फुलं आली होती. पण त्याचा इथे काय संबंध?

काळीमाती:
तिथेच सगळं आहे. बोक चॉय आणि शलगम एकाच जातीची भावंडं आहेत, शास्त्रीय नाव दोघांचं ब्रासिका रापा. त्यांचा सहज संकर होतो. शिवाय बोक चॉयचं फूल सहसा स्वतःच्या परागाने शेंग धरत नाही, दुसऱ्या झाडाचा पराग लागतो. तुमचं झाड एकटं होतं. मधमाश्यांनी पराग आणला तो शेजारच्या शलगमाचा. पानांवरची लव तिकडचीच, उन्हाचा दोष नाही. कोबी, फ्लॉवर, मुळा यांची भीती नाही, त्या वेगळ्या जाती. आपली नेहमीची मोहरीही क्वचितच मिसळते. तोरिया किंवा पिवळी सरसों (मोहरीसारखी, पण ब्रासिका रापाचीच तेलबी पिकं) मात्र जवळ नको.

दुसरी चूक जास्त महत्त्वाची, आणि ती बहुतेक सगळ्यांकडून होते. पहिला दांडा आला त्याच झाडाचं बी तुम्ही धरलं. म्हणजे सगळ्यात उतावळं झाड निवडलं. बी धरायचं ते सगळ्यात उशिरा फुलणाऱ्या झाडांचं. लवकर डेंगळा आला तर तो फुलायच्या आत खुडून भाजीत टाका. कोवळे दांडे फार गोड लागतात, चीनमध्ये मुद्दाम त्यासाठी अशी भाजी लावतात.

नागपूरचं गणित असं. या झाडाला दांडा नुसत्या उन्हाने येत नाही. कोवळेपणी काही दिवस थंडी लागली की ते फुलायची तयारी करतं, पुढे दिवस मोठा आणि ऊबदार झाला की दांडा फेकतं. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १० अंशांच्या आसपास, कधी खालीही जातो. म्हणून खायची झाडं सप्टेंबरअखेर लावा आणि कडाक्याच्या थंडीआधी संपवा. बियाण्याची झाडं त्यातूनच राखा, निदान ६-७, जमल्यास १०-१२. ती जानेवारीत फुलली पाहिजेत. फुलणं मार्चवर गेलं तर उष्णतेने पराग मरतो आणि शेंगा पोकळ राहतात. म्हणजे उशिरा फुलणारं झाड हवं, पण पेरणीला उशीर नको.

गच्चीतला_माळी:
शेजारी फुलावर आलेलं शलगम असेल तर झाडांवर मच्छरदाणी टाका आणि रोज सकाळी रंगाच्या मऊ ब्रशने एका झाडाचा पराग दुसऱ्या झाडाच्या फुलाला लावा. वेळखाऊ आहे, पण गच्चीवर जमतं. मावा आला तर निंबोळी अर्क संध्याकाळी फवारा.

खालच्या शेंगा आधी पिकतात. निम्म्याहून जास्त गवती रंगाच्या झाल्या की सकाळी दव असताना अख्खा दांडा कापा, दुपारी हात लावला की शेंगा तडकतात आणि बी फरशीवर सांडतं. उशीच्या अभ्र्यात उलटे टांगून सावलीत वाळवा. तापलेल्या स्लॅबवर टाकू नका. मग चोळून सुपात पाखडा. आपल्याकडचा उन्हाळा कोरडा आहे, तो बियांना साथ देतो, घात करते ती पावसाळ्यातली दमट हवा. मृगाच्या आत काचेच्या बाटलीत भरा, पुरचुंडीत भाजून गार केलेले तांदूळ ठेवा, घट्ट बूच लावून फ्रिजमध्ये. असं बी ४-५ वर्षं चालतं.

प्रश्नकर्ती:
दोघांचे मनापासून आभार. वर्षभर मी ऊन आणि जाळीचाच विचार करत बसले होते.

जुन्या पाकिटाच्या तळाशी अजून ३१ बिया निघाल्या. त्यातल्या १० ओल्या फडक्यात ठेवल्या होत्या, तिसऱ्या दिवशी ८ रुजल्या. उरलेल्या दसऱ्याची वाट न पाहता सप्टेंबरअखेरच लावते. संकराची डबी वेगळी काढली, त्याची कोवळी पानं पिठल्यात चालतील.

काकूंशीही बोलले. शलगम फुलायच्या आत सगळे उपटायचं त्यांनी कबूल केलंय. लोणच्याची एक बरणी आमच्याकडे येणार आहे, आणि बी निघालं की चिमूटभर त्यांना द्यायचं ठरलंय. तरी मच्छरदाणी आणून ठेवते. जानेवारीत फुलं आली की इथेच लिहीन.