डेंग्यूसाठी फेऱ्या आणि धूर पुरे, माणूस दारात पाठवा: पटतंय का?

पेठकर: पावसाळा लागला की कोल्हापुरात आमच्या पेठेत दोन गोष्टी ठरलेल्या. शाळेच्या पोरांची घोषणा देत निघणारी फेरी, आणि संध्याकाळी धुराची गाडी. गाडी आली नाही तर लोक नगरसेवकाला फोन करतात. पण धुराने मरतो तो उडणारा डास. पिंपातल्या अळीला त्याचं काहीच होत नाही आणि आठ-दहा दिवसांत अंड्यापासून नवा डास तयार. मग पुन्हा फोन, पुन्हा गाडी.

गेल्या वर्षी आमच्या गल्लीत आशाताई, म्हणजे घरोघरी जाणाऱ्या आरोग्य कार्यकर्त्या, आल्या. एका घरच्या पिंपात त्यांनी टॉर्च मारला, तशा अळ्या वळवळत तळाला गेल्या. घरातल्या आजी म्हणाल्या, "ते पाण्यातलं किडं हाईत, डास न्हवं." ताईंनी वाद घातला नाही. काचेच्या बरणीत त्यातलंच पाणी घेतलं, तोंडाला फडकं बांधलं आणि बरणी आजींच्याच ताब्यात दिली. दोन-तीन दिवसांत फडक्याखाली डास भिणभिणायला लागले. आजींनी ती बरणी अख्ख्या गल्लीला दाखवली आणि पुढच्या 'कोरड्या दिवशी' (आठवड्यातून एकदा भांडी ओतून कोरडी करायचा दिवस) बायकांनी आपणहून पिंपं पालथी घातली. इतक्या वर्षांच्या फलकांनी हे झालं नव्हतं. म्हणून म्हणतो, फेरी आणि धुरावरचा पैसा, माणसं, वेळ सगळं घरोघरी जाण्याकडे वळवा.

बावड्याचा: पेठकर, बरणीचं आवडलं, पण मूळ मुद्दा पटला नाही. डेंग्यू डासाने होतो हे आज कुणाला माहीत नाही? अर्धवट बांधकामाच्या तळघरात आणि लिफ्टच्या खड्ड्यात महिनाभर पाणी साचलेलं असतं. गॅरेजबाहेर टायरांचा ढीग पावसात भिजत असतो. त्यांच्या मालकांना बरणी दाखवून काय होणार? एकदा नोटीस द्या, दुसऱ्या वेळी दंड करा. प्लेगच्या साथीत शाहू महाराजांनी लोकांना गावाबाहेर झोपड्यांत हलवलं ते काय फलक लावून? हुकूम काढून.

सूनबाई_उपनगर: बावड्याचे दादा, बांधकामवाल्याला दंड करा, माझी ना नाही. पण हीच पावती उद्या आमच्या दारात फाडली जाईल. पंप बंद पडला किंवा जलवाहिनी फुटली की दोन-दोन दिवस नळाला पाणी नसतं. टँकर कधी येईल याचा नेम नाही. अशा वेळी पिंप, घागरी, बादल्या, जे हाताला लागेल ते आम्ही भरून ठेवतो. आठवड्यातून एकदा सगळं ओतून कोरडं करा म्हणणाऱ्याने आधी नळाला पाणी सोडावं. आणि महाराजांचं म्हणाल, तर त्यांनी घर सोडायला सांगितलं तेव्हा बाहेर राहायची सोयही केली होती.

आणखी एक. सांगायला येतात तेही अर्धंच सांगतात. हा डास अंडी घालतो पाण्याच्या कडेला, भांड्याच्या आतल्या बाजूला. ती कोरड्यात कित्येक महिने टिकतात. नुसतं पाणी ओतलं की अंडी तशीच राहतात, पिंप पुन्हा भरलं की त्यातून अळ्या. काथ्याने आतून घासायला पाहिजे. आणि पाणी ओतणं परवडत नसेल तेव्हा पिंपाला घट्ट कापड बांधायचं. हे मला फलकावर कधी वाचायला मिळालं नाही.

पेठकर: ताई, म्हणूनच तर माणूस पाहिजे. फलकाला उलट प्रश्न विचारता येत नाही.

आशाची_लेक: माझी आई गावाकडे आशा आहे. साधारण हजार लोकांमागे एक. गरोदर बायकांच्या नोंदी, लसीकरण, क्षयरोगाचा शोध, बीपी-शुगरचे फॉर्म, आणि वर येईल तो सर्व्हे. मोबदला बराचसा कामावर मोजून, तोही वेळेवर मिळेलच असं नाही. आता त्यात पेठकरकाका म्हणतात तशी बरणी. आईने ती आनंदाने केली असती, पण दर आठवड्याला दोनशे घरांतली पिंपं बघायची तर बाकीचं कोण करणार? काका, तुमच्या पेठेत तालमी किती, मंडळं किती! 2019 आणि 2021 च्या पुरात हीच पोरं छातीभर पाण्यातून माणसं काढत होती. एका रविवारी टॉर्च घेऊन ती गल्लीतून फिरली तर काय बिघडलं?

शिक्षिका: फेरीवर सरसकट काट मारू नका. फेरी काढून घरी सोडलं तर पोरं घोषणा विसरतात, हे खरं. आम्ही त्यांना फ्रिजच्या मागचा ट्रे, कुंडीखालची ताटली आणि गच्चीवरची टाकी बघून यायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी वर्गात हात वर करून सांगायला चढाओढ. आईबाप आमचं ऐकत नाहीत, पोरांनी धोशा लावला की ऐकतात.

लॅबवाला: सगळे डासावरच बोलताय. दारात जाल तेव्हा तापाचंही सांगा. लोक ताप असेपर्यंत घाबरतात आणि उतरला की निवांत होतात. डेंग्यूत जपायचं असतं ते ताप उतरतानाच, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात. पोटात जोरात दुखलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं, तर पपईच्या पानांचा रस देत घरी बसू नका, सरळ दवाखाना गाठा. अंगदुखीला अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन मनाने घेऊ नका, रक्तस्राव वाढतो.

पेठकर: लॅबवाले, हे मंडळाच्या पोरांना तुम्हीच येऊन सांगा. आशाची लेक, तुमचं म्हणणं मान्य, ताईंवर अजून ओझं नको. तालमीत विषय काढतो. धूर मात्र बंद करा, यावर मी ठाम आहे.

बावड्याचा: पोरं घराघरांत जातील, चांगलंच आहे. तळघराच्या कुलपापाशी आली की काय करणार? तिथे वॉर्ड ऑफिसचा माणूस पावतीपुस्तक घेऊन सोबत पाहिजे. तो येणार असेल तर मी पण येतो.

सूनबाई_उपनगर: आणि पाणीपुरवठ्याचा एक माणूसही आणा.