मदत हवी आहे: लिलावातली लष्कराची जिप्सी घ्यावी का?

नमस्कार मंडळी. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आमचं कुळागर (सुपारी-नारळाची बाग) आहे, पावसात तिथली वाट म्हणजे नुसता चिखल. म्हणून एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावात लष्कराची जुनी मारुती जिप्सी बघतोय. १.३ लिटर पेट्रोल इंजिन, खाली पाटे (लीफ स्प्रिंग). गावचा मेकॅनिकही खोलू शकतो, हे मोठं सुख. पण माल 'जसा आहे तसा'. चॅसीवरचा गंज नेमका कुठे टोकरून बघू, पाट्यांच्या ब्रॅकेटपाशी? गाडी चालू होत नसेल तर फोर-बाय-फोरचा (चारही चाकांना ताकद देणारा) गिअर तपासायचा कसा?

खरी धास्ती कागदांची. भंगार म्हणून विकलेली गाडी पासिंग होणार नाही, मग ती अंगणात कोंबड्यांनाच! गोव्यात कोणी अशी गाडी आरटीओत नोंदवली आहे का? लष्कराकडून कुठले कागद आधीच मागून घेतले?