अनुभव धागा : इंग्रजी शब्द टिकवण्यासाठी अंतराने उजळणी

शब्द पाठ होतात आणि आठवड्यात उडून जातात, ही आपल्या सोलापुरी मराठी माध्यमवाल्यांची जुनीच तक्रार. दोन उजळण्यांमधलं दिवसांचं अंतर वाढवत वाढवत उजळणी करणाऱ्यांनी इथे लिहा. नेमकं काय करता तेवढंच. 'रोज इंग्रजी पेपर वाचा' हे सगळ्यांना सांगून झालंय.

पूर्व भाग, बी.कॉम.
घरात तेलुगू, शाळा मराठी, कॉलेजात इंग्रजी. टॉवेलच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून कार्डं केलीत. पाच कप्पे. बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की थेट पहिल्यात, मग ते चौथ्यात का असेना. पहिला कप्पा रोज, दुसरा दिवसाआड, शेवटचा महिन्याने. जर्मनीतल्या लाइटनर नावाच्या पत्रकाराने 1970 च्या दशकात ही पद्धत लोकप्रिय केली. मागे अर्थ मराठीत की तेलुगूत? जो आधी सुचेल तो.

टॉवेल एक्स्पोर्टच्या ऑफिसातून
सुटे शब्द मी घेतच नाही. बायरच्या मेलमधलं अख्खं वाक्य उतरवते, नवा शब्द गाळते, तो आठवायचा. श्रिंकेज, टॉलरन्स असले शब्द वाक्यात असले की त्यांच्या आगेमागे काय येतं तेही बसतं. उत्तर झाकून मोठ्याने म्हणायचं. नुसतं वाचलं की सगळं येतंय असंच वाटतं. बँकेने एल.सी.च्या (पैसे मिळण्याची बँकेची हमी) कागदांत डिस्क्रिपन्सी, म्हणजे तफावत, काढली, तर त्या शब्दाला कार्ड लागत नाही. पैसे अडकतात ना! खरी गरज वर्षातून दोनदा भेटणाऱ्या शब्दांना.

स्पर्धा परीक्षावाला
अंकी नावाचं कार्डांचं ॲप. अँड्रॉइडवर फुकट, नेट नसलं तरी चालतं, म्हणून सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसमध्ये पुण्यापर्यंत बरंच उरकतं. गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत घर पाहुण्यांनी भरतं आणि कार्डं साचतात. तेव्हा नवी कार्डं शून्यावर आणायची, थकबाकी फिटली की परत सुरू. ॲप मुळात रोज 20 नवी देतं. तेवढी घेऊ नका.

निवृत्त शिक्षक, जुळे सोलापूर
या विषयावर बोलणारा प्रत्येकजण एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाचा विस्मरणाचा आलेख दाखवतो, म्हणजे किती वेळात किती विसरतं ते. तो 1885 चा. प्रयोग त्याने स्वतःवरच केला, तोही निरर्थक अक्षरं पाठ करून. त्यातले टक्के आपल्या पोरांना जसेच्या तसे लावू नयेत. अंतर ठेवल्याचा फायदा मात्र पुढे अनेकांनी तपासलाय, तो खरा आहे. घोकंपट्टीला मी नावं ठेवणार नाही, पाढे तसेच आले. फक्त एका बैठकीत दहा वेळा म्हणण्यापेक्षा ते दहा वेळा निरनिराळ्या दिवसांवर वाटा.

पाचवीतल्या मुलीची आई
एवढे कप्पे तिला झेपतील का हो?

टॉवेल एक्स्पोर्टच्या ऑफिसातून
दोनच करा ताई, 'येतं' आणि 'येत नाही'. शब्द तिच्याच धड्यातले, मागे तिनेच काढलेलं चित्र. आणि जेवणाआधी घ्या. जेवणानंतर आमच्याकडे पोराआधी मलाच झोप येते.