एफ-वनची मराठी कॉमेंट्री: ड्रायव्हरांची नावं नेमकी कशी म्हणायची?

पेठेतला_ग्रिड:
आमच्या तालमीच्या हॉलात रविवारची फॉर्म्युला वन मोटारशर्यत पडद्यावर लावून मराठीतून कॉमेंट्री करायचं ठरलंय. २०२६ पासून ११ संघ झालेत, दर संघात दोघं, म्हणजे २२ नावं. अडचण अशी की एकाच माणसाचं नाव पेपरात लेक्लर्क, इंग्रजी कॉमेंट्रीत लक्लेअर, आणि पोरं तिसरंच काहीतरी म्हणतात. कुणाचं धरायचं? आणि घाईत जीभ अडखळू नये म्हणून कागद कसा बनवायचा?

दातातला_त:
भावा, रोमन स्पेलिंग बघून देवनागरी करू नका, सगळा घोळ तिथंच होतो. मूळ स्पॅनिश नावावरून इंग्रजांची जीभ फिरते, ते ऐकून आपण लिहितो आणि ‘फर्नांडो’ तयार होतो. स्पॅनिशमध्ये डी आणि टी म्हणताना जीभ दातांना लागते, म्हणजे सरळ आपले द आणि त. इंग्रजांकडं हे आवाज नाहीत, आपल्याकडं बाराखडीतच आहेत. म्हणून फेर्नान्दो आलोन्सो, फ्रांको कोलापिन्तो. इटालियनलाही तेच: आन्तोनेल्ली. ल दुहेरी, जोर ‘ने’वर.

बोत्तास फिनलंडचा. फिनिशमध्ये जोर कायम पहिल्या अक्षरावर आणि दुहेरी अक्षर खरोखर दुहेरी म्हणतात, त्यामुळं ‘बॉटस’ साफ चूक. बोर्तोलेतो ब्राझीलचा; तिथल्या पोर्तुगीजमध्ये शेवटचा ओ ‘उ’कडं झुकतो: बोर्तोलेतु, जोर ‘ले’वर.

फ्रेंच नावांत शेवटची अक्षरं बऱ्याचदा मुकी. शार्ल लक्लेर: चार्ल्सचा एस गेला, आडनावाचा शेवटचा सीही गेला. (मोनॅकोचा आहे, पण भाषा फ्रेंचच.) ओकाँमधला न नाकातच राहतो. गाझ्लीत एस असला तरी उच्चार झाडातल्या झच्या जवळ जातो. मात्र नियम डोळे झाकून लावला की फसगत. जुन्या शर्यतींचा विषय निघाला तर प्रोस्तला ‘प्रो’ करू नका, तिथं एस आणि टी दोन्ही ऐकू येतात.

वेर्स्टापनचा जोर ‘स्टा’वर आणि तो ‘स्टॅ’ नाही. शेवटचं ‘पन’ हलकं. डच लोक त्यातला न बऱ्याचदा गिळतातच. ह्युल्केनबेर्कमधल्या ‘ह्यु’साठी ओठ ‘उ’सारखे गोल करून जिभेनं ‘ई’ म्हणायचं. शेवटी जी लिहितात, पण जर्मनमध्ये शब्दाच्या शेवटी तो क होतो. हे नाव घरी मोठ्यानं म्हणून बघाच, आयत्या वेळी जमत नाही.

मिरजकर_तिकटी:
वरचं बहुतेक पटलं. पण ‘आडनाव ज्या देशाचं, उच्चार त्या देशाचा’ असं कुणी समजू नये. रिकार्डोचं उदाहरण बघा. आडनाव इटालियन, इटलीत त्याचं ‘रिच्चार्दो’ होईल. पण गडी ऑस्ट्रेलियाचा आणि स्वतःला रिकार्डोच म्हणवतो. पियास्ट्रीही मेलबर्नचा, तिथं इटालियन त आणायची गरज नाही. उलट बारिकेलो ब्राझीलचा असूनही त्याच्या सी-एचचा इटालियन क टिकलाय. माणूस घरच्या भाषेत स्वतःचं नाव कसं घेतो तेच धरायचं. त्यासाठी त्याची मायबोलीतली मुलाखत ऐका. इंग्रजी मुलाखतीत बरेच जण समोरच्याच्या सोयीनं नाव वाकवतात, त्यामुळं ती पुरावा म्हणून चालत नाही.

मुलाखत नाही मिळाली तर विकिपीडियावर नावापुढं उच्चारचिन्हं असतात. उभ्या छोट्या रेघेच्या लगेच पुढच्या अक्षरावर जोर. एक्स दिसला तर ख: जर्मनमध्ये शूमाखर असतो, शूमाकर नाही. शेपटीवाला एन म्हणजे ञ.

पेरेसच्या रोमन ‘E’वरची तिरकी रेघ फक्त जोर दाखवते, तिथं स्वर लांबवू नका. साइन्सच्या शेवटच्या झेडला माद्रिदमध्ये जीभ दातांमध्ये धरतात. त्यासाठी आपला थ वापरलात तर भलतंच ऐकू येईल. स म्हणा, स्पेनच्या दक्षिणेतल्या काही भागांत आणि मेक्सिकोत तसंच म्हणतात.

बॉक्स_बॉक्स:
कागदाचं सांगतो. नावं संघवार लिहू नका. पडद्यावरच्या पट्टीत प्रत्येकाच्या नावाची फक्त तीन रोमन अक्षरं दिसतात, म्हणून कागदही त्या अक्षरांच्या क्रमानं लावा. पहिल्या रकान्यात तीन अक्षरं, दुसऱ्यात मोठ्या देवनागरीत आडनाव, जोराच्या अक्षराखाली रेघ, तिसऱ्यात गाडीचा नंबर. बीओटी आणि बीओआर यांत एकाच अक्षराचा फरक आहे. एक कॅडिलॅकचा बोत्तास, दुसरा ऑडीचा बोर्तोलेतो. लांबून हमखास गल्लत होते, त्या दोन ओळींना वेगवेगळे रंग द्या.

विभक्ती आधीच ठरवा. ‘लक्लेरने’, ‘बोत्तासला’, ‘ओकाँच्या मागे’ असं सरळ मूळ नावाला जोडा, ‘बोत्तासाला’ नको. लक्लेरचा र घशातून काढायच्या भानगडीत पडू नका, आपला र पुरे. पहिल्या वळणाला गाड्या एकमेकींवर चढत असताना फ्रेंच र काढत बसलात तर तोवर तिघं पुढं गेलेले असतील. अशा वेळी फक्त आडनाव. आणि दोघं कॉमेंट्री करणार असाल तर दोघांच्या हातात एकाच कागदाची प्रत हवी. एकजण साइन्स आणि दुसरा सेंझ म्हणाला की लोकांना दोन गाड्या वाटतात.

पेठेतला_ग्रिड:
झकास. मोटोजीपीची, म्हणजे मोटरसायकल शर्यतींची, पोरंही मागं लागलीत. बाग्नाइया की बनाया?

दातातला_त:
बान्याया. इटालियन जी-एन म्हणजे ञ, ग अजिबात नाही. आणि २०२३ ला ग्रेटर नोएडाची शर्यत जिंकलेला तो बेत्सेक्की. त्यातला दुहेरी झेड म्हणजे आपल्या चुलीतला, चाकातला च, चिमणीतला नव्हे. त्सुनोदाचा ‘त्सु’पण त्याच चनं म्हणा. जोडाक्षर फोडत बसायला नको, चूल म्हणताना जीभ जिथं लागते तिथंच ठेवायची.