आपली सोसायटी (फक्त महत्त्वाचे मेसेज)

शिर्के ए-३०२: रात्री पावणेतीनला सायरन कोणाकोणाला ऐकू आला? खरं सांगा.

शिर्के ए-३०२: माझ्या गाडीची मागच्या दाराजवळची छोटी काच फोडली आहे. स्टीअरिंगखालचं प्लास्टिक उचकटून वायरी बाहेर काढल्यात. फोटो टाकलाय. छत्री, गॉगल, टोलसाठीची चिल्लर, सगळं जागेवर. म्हणजे सामानासाठी नाही, गाडीसाठीच आले होते.

नाखरे काकू: 🌹 शुभ प्रभात. आजचा रविवार सर्वांना सुखाचा जावो.

परब बी-२०४: काकू, वरचा मेसेज वाचा.

नाखरे काकू: अगं बाई! शिर्के भाऊ, फार वाईट झालं हो. फूल मी आधीच पाठवलं होतं, नेट उशिरा आलं.

मयेकर वहिनी: सायरन मी ऐकला. पण तो रोजच वाजतो ना. परवा माडाची झावळी पडली तेव्हा वाजला, मांजर बॉनेटवर बसली की वाजतो. कोण उठणार?

शिर्के ए-३०२: उठू नका, खिडकीतून नुसतं डोकावलं असतं तरी चाललं असतं.

मयेकर वहिनी: तुम्ही डोकावलात का?

शिर्के ए-३०२: मी चिपळूणला साखरपुड्याला होतो वहिनी. आत्ता सकाळी आलो. म्हणून तर विचारतोय.

लेले काका बी-१०१: सर्व सभासदांस नमस्कार. कॅमेरा क्र. ३ (ए-विंग पार्किंग) गणपतीपासून बंद आहे. याबाबत मी लेखी अर्ज दिला आहे. उत्तर आलेले नाही.

सेक्रेटरी पाटणकर: काका, उत्तर तोंडी दिलं होतं. खाऱ्या वाऱ्याने वायरीचा जोड हिरवा पडलाय. माणूस येऊन बघून गेला, कोटेशनही दिलं. पण सहा फ्लॅटचा मेंटेनन्स थकला आहे. नावं घेत नाही.

परब बी-२०४: घेवा की. आमका पण कळांदे.

सेक्रेटरी पाटणकर: परब, तुमचंही आहे त्यात.

परब बी-२०४: मग ऱ्हवांदे.

मुकादम भाई ए-२०१: शिर्के साहेब, काच लगेच बदलू नका. आधी ११२ ला फोन करा, पोलिस येऊन बघून जाऊ देत. मग विमा कंपनीला कळवा. सर्व्हेयर फोटो काढेपर्यंत गाडी आहे तशी राहू दे, वर ताडपत्री टाका फक्त. पॉलिसी पूर्ण आहे ना? थर्ड पार्टी असेल तर काचेचे सोडा, गाडी गेली तरी एक रुपया मिळत नाही.

शिर्के ए-३०२: पूर्ण आहे भाई. ११२ ला केला फोन. येतायत.

तेजस मयेकर: शिर्के काका, फोटो बघितला. स्टीअरिंगखाली जे सॉकेट लोंबकळतंय ना, ते ओबीडी पोर्ट. सर्व्हिसिंगवाले लॅपटॉप लावतात तेच. त्यात यंत्र घालून कोऱ्या चावीला गाडीची ओळख करून द्यायची आणि गाडी चालवत न्यायची, असा बेत होता. त्यांना वायरी जोडून गाडी सुरू करायचीच नव्हती. आजकाल ते सिनेमातच होतं. चावीत चिप असते, तिचा कोड जुळला नाही तर इमोबिलायझर इंजिन सुरूच होऊ देत नाही. म्हणून चोर आता नवीन चावीच तयार करतात.

मयेकर वहिनी: तेजस पुण्यात हेच काम करतो. म्हणजे चोरीचं नाही. गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सचं.

परब बी-२०४: माझी गाडी २००९ ची. चोरान नेली तर पयलो धक्को तेकाच मारूचो लागतलो.

तेजस मयेकर: परब काका, जुन्या गाडीच्या चावीत चिप नसली तर ती उलट सोपी. आणि जुनी गाडी चालवायला नेतच नाहीत, सुटे भाग करून विकतात.

परब बी-२०४: मेल्या, सकाळी सकाळी भिवडावतंस.

लेले काका बी-१०१: विषयांतर नको. कॅमेरा क्र. ३ गणपतीपासून बंद आहे. मी लेखी अर्ज दिला आहे.

शिर्के ए-३०२: मला एक सांगा, गेट रात्री उघडं कोणी ठेवलं? लोखंडी गेट, आतून कडी, चढून आलेल्याची खूण नाही. सरळ आत आले. काल एमएच १२ ची गाडी कोणाकडे होती ते सगळ्यांना माहीत आहे.

खेडेकर ए-१०३: नाव घेऊन बोला शिर्के. माझे गेस्ट होते. कुटुंब होतं, दोन लहान मुलं. होमस्टेची परवानगी आहे आणि दर गाडीमागे पार्किंगचे १०० रुपये मी सोसायटीला देतो. मे महिन्यात कोणाच्या आंब्याच्या पेट्या महिनाभर जिन्याखाली होत्या? त्याचे किती दिलेत?

शिर्के ए-३०२: पेट्यांनी कोणाची काच फोडली नाही.

खेडेकर ए-१०३: माझ्या गेस्टनी फोडली का?

शिर्के ए-३०२: मी तसं म्हटलेलं नाही. गेट म्हणालो.

नाखरे काकू: भांडू नका रे. (फॉरवर्ड) सावधान! चोर रात्री गाडीच्या काचेवर अंडी फेकतात. वायपर चालू करू नका, पाणी मारू नका. काच पांढरी होते आणि गाडी थांबली की चोर येतात. सर्व ग्रुपवर पाठवा.

तेजस मयेकर: काकू, हा मेसेज मी शाळेत असतानाही यायचा.

नाखरे काकू: मग अजून खराच असेल.

सेक्रेटरी पाटणकर: एक कॅमेरा चालू आहे, क्र. १, गेटवरचा. पोलिस आले की त्यांच्यासमोर डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र) बघतो. तोपर्यंत कोणावर आरोप नको, ही विनंती 🙏

कदम बी-३०३: तेजस, माझी गाडी पुश बटनवाली आहे. चावी खिशात असली की दार उघडतं. तिला काय धोका?

तेजस मयेकर: तिच्यात वेगळी गंमत आहे. चावी सतत बारीक सिग्नलला उत्तर देते. दोघं येतात. एक जण तुमच्या दाराशी यंत्र घेऊन उभा राहतो, दुसरा गाडीपाशी. चावीचा सिग्नल एका यंत्रातून दुसऱ्यात जातो, गाडीला वाटतं मालक आला. काच फुटत नाही, सायरन वाजत नाही. एकदा सुरू झाली की चावी लांब गेली म्हणून इंजिन लगेच बंदही पडत नाही.

कदम बी-३०३: बाप रे.

तेजस मयेकर: उपाय साधा. चावी दाराच्या खुंटीला लावू नका, आतल्या खोलीत ठेवा. सिग्नल अडवणारे पाऊच मिळतात, त्यात टाका. स्टीलच्या डब्यात ठेवत असाल तर एकदा तपासा. डबा बंद करून गाडीपाशी जा आणि हँडल ओढा. दार उघडलं तर तो डबा लाडवांनाच ठेवा. काही चाव्या हलल्या नाहीत की आपोआप झोपतात, तुमची तशी आहे का ते माहितीपुस्तकात बघा.

मयेकर वहिनी: खेडेकरांची चावी तळमजल्यावर खिडकीलाच असते. जाता-येता दिसते.

खेडेकर ए-१०३: वहिनी, माझ्या खिडकीत बघण्यापेक्षा रात्री पार्किंगमध्ये बघितलं असतं तर बरं झालं असतं.

मुकादम भाई ए-२०१: चावीचा विषय निघालाच आहे तर ऐका. गाडी चोरीला गेली की क्लेमला कंपनी दोन्ही चाव्या मागते. एक हरवली असेल तर आत्ताच पोलिसांत हरवल्याची नोंद करून ठेवा. गाडी गेल्यावर सांगितलं तर शंका घेतात.

परब बी-२०४: माझी दुसरी भाट्याच्या वाळूत आसा. खंय ता माका म्हायती नाय.

मुकादम भाई ए-२०१: परब, म्हणूनच सांगतोय. आणि पूर्ण पैसे मिळतील ही आशा कोणी धरू नका. मिळते ती आयडीव्ही, म्हणजे घसारा वजा करून पॉलिसीत लिहिलेली गाडीची किंमत. तीन वर्षं पूर्ण झाली की चौथ्या वर्षी ४० टक्के घसारा, पाचव्या वर्षी ५० टक्के. नवीन गाडीला रिटर्न टू इन्व्हॉइस, म्हणजे बिलाची किंमत देणारं जादा कव्हर, घेतलंत तर गोष्ट वेगळी. तेसुद्धा पोलिसांनी गाडी सापडत नाही असा अंतिम अहवाल दिल्यावर.

लेले काका बी-१०१: घसाऱ्याचे गणित बरोबर. तक्रारीबाबत: १ जुलै २०२४ पासून चोरीला भारतीय न्याय संहितेचे कलम ३०३(२) लागते, जुने ३७९ नव्हे. तक्रार ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. तसेच, कॅमेरा क्र. ३ गणपतीपासून बंद आहे.

परब बी-२०४: काका, ह्यो मेसेज पिन करून ठेवया?

लेले काका बी-१०१: अवश्य.

कदम बी-३०३: जीपीएस लावला तर?

तेजस मयेकर: लावा, पण ओबीडीत खोचायचा नको. चोर यंत्र घालायला तिथेच हात घालतो, पहिला तोच उपटेल. वायरिंगमध्ये लपवलेला, स्वतःची छोटी बॅटरी असलेला घ्या. आत सिम असतं, त्याचा रिचार्ज विसरू नका. आंबा घाटात रेंज गेली तर तो जागा साठवून ठेवतो आणि साखरप्याच्या नाहीतर मलकापूरच्या बाजूला रेंज आली की पाठवतो. मोबाइलवरून इंजिन बंद करायची सोय असलेलेही येतात, पण वायर कापून बसवले तर वॉरंटीचा प्रश्न येतो. आधी शोरूममध्ये विचारा.

कदम बी-३०३: आणि ते चावीला लावायचं ब्लूटूथ बटन? भाच्याने दिलंय.

तेजस मयेकर: ते चावी शोधायला. आजूबाजूला तसे फोन असले तरच जागा कळते. शिवाय अनोळखी टॅग सोबत फिरतोय असा इशारा चोराच्याच फोनवर जातो.

मुकादम भाई ए-२०१: एआरएआय या वाहन तपासणी संस्थेने मान्य केलेलं चोरीविरोधी यंत्र असेल तर ओडी प्रीमियमवर (आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा हप्ता) २.५ टक्के सूट असते, जास्तीत जास्त ५०० रुपये. सर्टिफिकेट लागतं.

खेडेकर ए-१०३: ५०० रुपयांत काय होतंय.

मुकादम भाई ए-२०१: पाच गेस्टचं पार्किंग होतं.

शिर्के ए-३०२: 😂 भाई.

नाखरे काकू: आमच्या ह्यांनी पूर्वी स्टीअरिंगला दांडा लावला होता, पिवळा. तो गंजून अडकला. शेवटी करवतीने कापला.

तेजस मयेकर: काकू, तो दांडा आजही चांगला. बाहेरून दिसतो, चोर शेजारची गाडी बघतो. फक्त आपल्याकडच्या हवेत महिन्यातून एकदा कुलपात तेल सोडायचं.

शिर्के ए-३०२: शेजारची म्हणजे माझीच. माझ्या एका बाजूला कदम, दुसऱ्या बाजूला खांब.

सेक्रेटरी पाटणकर: पोलिस येऊन गेले. पंचनामा झाला. क्र. १ चं फुटेज बघितलं. मोटरसायकलवर दोघं, हेल्मेट घातलेले, हेडलाइटच्या झोतात नंबर दिसत नाही. गेट सताड उघडं दिसतंय. सायरन वाजल्यावर तीन मिनिटांत पळाले.

शिर्के ए-३०२: मी काय म्हणत होतो?

सेक्रेटरी पाटणकर: थांबा. डीव्हीआरचं घड्याळ ४० मिनिटं मागे आहे. लाइट गेली की तसं होतं. हवालदारांनी तेच आधी लिहून घेतलं. खेडेकरांच्या गेस्टची गाडी स्क्रीनवर ११.५० ला आली, म्हणजे खरे साडेबारा. गाडीतून उतरून त्या गृहस्थांनी गेट लावलं, कडीही घातली. स्पष्ट दिसतंय.

खेडेकर ए-१०३: शिर्के, वाचलंत?

सेक्रेटरी पाटणकर: त्यानंतर स्क्रीनवर १२.२५ ला, म्हणजे एक वाजून पाच मिनिटांनी, एक बुलेट आत आली. त्यानंतर गेट उघडंच. चोर येईपर्यंत मध्ये दुसरं कोणी नाही.

परब बी-२०४: बुलेट कोणाची ती? आमच्या विंगेत एकच बुलेट आसा.

लेले काका बी-१०१: एमएच १२ पासिंगची.

मयेकर वहिनी: तो पुण्याहून दमून आला होता हो. आठ तास गाडी चालवून. पाऊसही लागला वाटेत.

परब बी-२०४: तेजसा, ओबीडीक कुलूप लावतंस, गेटाक कडी लावूक काय होता रे?

खेडेकर ए-१०३: मला दोन तास चोरांचा जावई केलंत. आता कोणी काही बोलणार आहे की नाही?

शिर्के ए-३०२: खेडेकर, मी गेट म्हणालो होतो. तुमचं नाव तुम्हीच घेतलंत. तरी पण, असो.

खेडेकर ए-१०३: हे ‘असो’ कशात धरायचं?

सेक्रेटरी पाटणकर: कमिटीचा निर्णय वाचा. कॅमेरा क्र. ३ चा माणूस उद्या चारला येतोय, पैसे तूर्त मी घालतोय. डीव्हीआरचं घड्याळ तोच लावेल. गुरखा गावाला गेला तो आला नाही, नवीन मिळेपर्यंत रात्री ११ ला गेटला कुलूप. दर फ्लॅटला एक चावी. उशिरा येणाऱ्याने स्वतः उघडायचं, स्वतः लावायचं.

लेले काका बी-१०१: निर्णय स्वागतार्ह. तथापि अर्जाची पोच मिळालेली नाही.

सेक्रेटरी पाटणकर: देतो काका. आज देतो.

खेडेकर ए-१०३: आज कोल्हापूरचे गेस्ट आहेत. पोचायला साडेअकरा होतील. चाव्या तर अजून बनल्या नाहीत.

सेक्रेटरी पाटणकर: मग आजच्यापुरतं कोणीतरी गेटवर थांबायला हवं.

खेडेकर ए-१०३: तेजसला सांगा. पहिली पाळी त्याची.

मयेकर वहिनी: तो दुपारीच निघाला पुण्याला. फोन लावत होते मघाशी, लागत नाहीये. घाटात असेल.