सीलिंगवर कोणीतरी राहतंय. मारायचं नाही, पण घालवायचं कसं?

तळ्याकाठची

नमस्कार. आमचं घर सोलापुरात विजापूर रोडला, कंबर तळ्याजवळ. नाव आता धर्मवीर संभाजी तलाव आहे, पण रिक्षावाल्याला कंबर तळंच सांगावं लागतं. खाली स्लॅब आणि वर पत्र्याच्या दोन खोल्या. मे महिन्यात वर भट्टी व्हायची, म्हणून चार वर्षांपूर्वी पत्र्याखाली प्लायवूडचं सीलिंग ठोकून घेतलं. पत्रा आणि प्लायवूड यांच्यामध्ये दीडेक फुटाची पोकळी आहे. सगळं रामायण तिथलं.

गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या वेळी घरात पाहुणे होते, भाचीला वरच्या खोलीत झोपवलं. रात्री एकच्या सुमारास ती उशी घेऊन खाली आली. "आत्या, वर कुणीतरी चालतंय." सासूबाई म्हणाल्या घूस असेल, मीही तेच धरून चालले. पण घूस अशी दमदार चालत नाही. हे आधी धपकन उतरतं, मग या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात सावकाश जातं, आणि पहाटे पाचला परत धप.

मग प्लायवूडवर पिवळा डाग आला. गच्चीच्या कठड्यावर रोज एकाच जागी विष्ठा, तिच्यात चिक्कूच्या अख्ख्या बिया. परवा मिस्टरांनी बॅटरी मारली तर पाण्याच्या पाइपावर मांजरापेक्षा लांबोडकं, काळपट, शरीराएवढ्याच लांब शेपटीचं जनावर बसलेलं. आमच्याकडे बघत बसलं, घाई नाही की काही नाही. शेवटी आम्हीच दार लावून घेतलं.

शेजारी म्हणतात, पिंजरा लावून पकडा आणि गाडीत घालून नान्नजला सोडून या, अभयारण्यच आहे. सासूबाईंनी बजावलंय, जीव घ्यायचा नाही. मलाही घ्यायचा नाहीये, पण रात्रीची झोप हवीय. कोणी असं काम केलंय का?

बाळीवेस_बॉय

एवढं लिहीत काय बसलात ताई. केळ्यात उंदराचं औषध घालून ठेवा. दोन दिवसांत विषय संपला.

निवृत्त_मास्तर

विषय संपत नाही हो, सीलिंगवर कुजतो. आमच्याकडे साधी घूस मेली होती तर महिनाभर त्या खोलीत पाय ठेवता येत नव्हता. शिवाय विष खाल्लेला उंदीर घुबडाने खाल्ला तर घुबडही जातं. तळ्याकाठी राहता, रात्री घुबडं ऐकली असतीलच. ती आहेत म्हणून उंदीर आटोक्यात आहेत.

पत्रा_जाळी_शटर

ताई, मी फॅब्रिकेशनवाला, अक्कलकोट रोडला छोटं शेड आहे. पत्रा मारणे, ग्रिल, जाळी हाच धंदा. प्राण्यांचं शिक्षण काही नाही, पण पत्र्याखालून काय काय निघतं ते वीस वर्षं बघतोय, त्यामुळे जरा लांबण लावतो.

तुमच्याकडे आलंय ते उदमांजर. काही लोक कांडेचोर म्हणतात. कठड्यावर ठरलेल्या जागी फळांच्या बियांची घाण दिसली की मी दुसरं नाव घेत नाही. फळं हे त्याचं मुख्य खाणं, उंदीर मिळाला तर तोही सोडत नाही. रात्रीचं जनावर, दिवसभर झोपतं. झाडाची ढोली नाही मिळाली तर तुमचं सीलिंग. खात्री करायची असेल तर वळचणीला, जिथून शिरतं असं वाटतं तिथे, संध्याकाळी रांगोळी बारीक पसरून ठेवा. सकाळी पंजा बघा. मांजराची चार बोटं उठतात, उदमांजराची पाच.

आता नान्नजचं. मालक, हे अजिबात करू नका, शेजाऱ्यांनाही सांगा. पहिली गोष्ट, १९७२च्या वन्यजीव कायद्यात हे जनावर संरक्षित आहे. परवानगीशिवाय पकडणं, मारणं, पाळणं सगळा गुन्हा. दुसरी गोष्ट, नान्नज म्हणजे गवताळ माळरान. हे झाडावरचं जनावर, तिथे त्याने राहायचं कुठे? आणि ते अभयारण्य १९७९ साली झालं ते माळढोकासाठी. माळढोक घरटं बांधत नाही, उघड्या जमिनीवर अंडं घालतो, तेही बहुतेक एकच. त्या पक्ष्यासमोर आपण अंडी खाणारं जनावर नेऊन सोडायचं? तिसरी गोष्ट माझ्या धंद्यातली. एक नेलं तरी भोक तिथेच राहतं. महिन्याभरात दुसरं येतं. वास आधीच्याने लावून ठेवलेला असतो, दुसऱ्याला पत्ता शोधावा लागत नाही.

म्हणून जनावराच्या मागे लागू नका, भोकाच्या मागे लागा. पण त्याच्या आधी पिल्लं.

हे मी चुकून शिकलो. सहा-सात वर्षांपूर्वी जुळे सोलापुरात एका घरी असंच होतं. मी हुशारी केली. संध्याकाळी साडेसातला जनावर बाहेर पडताना डोळ्यांनी बघितलं, लगेच शिडी लावली आणि फट जाळीने पॅक केली. पैसे घेतले, घरी गेलो. रात्री दोनला मालकांचा फोन. आईने वळचणीचा पत्रा ओरबाडून वाकवला होता आणि आतून बारीक चिवचिव चालू. पहाटे जाऊन जाळी कापली, प्लायवूडची एक फळी उतरवली. तीन पिल्लं, डोळे मिटलेली. हातमोजे घालून खोक्यात जुनी चादर टाकली (सोलापुरात खोकं एक वेळ मिळणार नाही, चादर मिळते), पिल्लं त्यात ठेवली आणि खोकं त्याच वळचणीला बांधलं. लाइट बंद, कुत्रं आत, कोणी गच्चीवर जायचं नाही. दुसऱ्या रात्री आई आली आणि एकेक मानेला धरून घेऊन गेली. मी समोरच्या गच्चीतून बघत होतो. पैसे परत केले.

तर तुम्ही आधी दिवसा कान लावा. दुपारी चिवचिव येते का? रांगोळीत लहान पंजे दिसतात का? पिल्लं असतील तर थांबा. ती आईच्या मागे बाहेर पडायला लागली की मगच हात घाला. पुढे ऊन वाढलं की पत्रा असा तापतो की कधी कधी आईच त्यांना दुसरीकडे हलवते. एवढा दम निघणार नसेल तर १९२६ला फोन करा, वनविभागाचा नंबर आहे, माणूस पाठवा म्हणा.

पिल्लं नाहीत हे नक्की झालं की मग जाळी. अर्धा इंची वेल्डमेश, म्हणजे वेल्डिंग केलेली तारेची जाळी घ्या, जस्ताचा हात दिलेली. प्लास्टिकची हिरवी जाळी नको, उंदीर ती रात्रीत कुरतडतो. फोमचा स्प्रे तर त्याहून बेकार, वरून गच्च दिसतो आणि आत पोकळ. पत्र्याच्या लाटांखालच्या फटी असतात ना, गवंडी त्यात नुसता सिमेंटचा माल भरतो, दोन उन्हाळ्यांत तो सुटून पडतो. आधी जाळीचा तुकडा कोंबायचा, मग माल. जाळी बाइंडिंग तारेने बांधायची नाही. ड्रिल मारून स्क्रू, त्याला मोठा वॉशर, प्रत्येक वीतभर अंतरावर. जनावर ओढतं तेव्हा जाळी फाटत नाही, कडेने उचकटते.

सगळ्या फटी बंद करा, एक सोडून. जिथून ते रोज जातं-येतं तिथे पत्र्याचं झाकण लावायचं, बिजागरी वरच्या अंगाला, उघडणार फक्त बाहेरच्या बाजूला. झाकण भोकापेक्षा सगळीकडून दोन बोटं मोठं हवं, म्हणजे आतून ढकललं की उघडतं आणि बाहेरून नुसतंच दाबलं जातं. हलकं पाहिजे, ॲल्युमिनियमचा पत्रा घ्या. लावायच्या आधी चार-पाच रात्री ते दोरीने वर बांधून उघडं ठेवा, जनावराला त्याची सवय होते. मग सोडा. झाकण सोडल्यावर आतल्या बाजूला रद्दीचा सैल बोळा अडकवून ठेवा. आत कोणी असेल तर बोळा ढकलल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. तीन रात्री बोळा हलला नाही तर आत कोणी नाही. मग झाकण काढून तिथेही जाळी.

चिक्कूची फांदी पत्र्यावर आली असेल तर पाच-सहा फूट मागे घ्या. छाटणीच, झाड तोडायचं नाही. शहरात झाड तोडायला महापालिकेची परवानगी लागते, १९७५चा कायदा आहे. पाण्याच्या पाइपाला दोनेक फुटांचा गुळगुळीत पत्रा गुंडाळा, नखं टिकत नाहीत.

मी स्वतः येऊन करीन असं म्हणत नाही, हातात आत्ता एका मंगल कार्यालयाचं शेड आहे. चांगला फॅब्रिकेटर असेल तर एका दिवसाचं काम.

रातराणी_७

दादा, एवढं लिहिलंत, आमचंही सांगा. आम्ही हिप्परगा तळ्याच्या बाजूला, शेताला लागून. आमच्याकडे उदमांजर नाही, साप. गेल्या पावसाळ्यात न्हाणीघरात दोनदा. दोन्ही वेळा कार्बोलिक ॲसिडची बाटली ठेवलेली होती!

पत्रा_जाळी_शटर

बाटलीचा आणि सापाचा काही संबंध नाही ताई. लसूण, हळद, फिनेल यांचाही नाही. न्हाणीच्या मोरीला जाळी आहे का? बहुतेक नसेल. स्टीलची, स्क्रूने बसणारी लावा. दाराखाली बोटभर फट असेल तर रबराची पट्टी. धान्याची पोती भिंतीपासून हातभर लांब, आणि दाराशी विटा-लाकडांचा ढीग नको. साप उंदराच्या मागे येतो, आणि उंदीर पोत्याच्या मागे. तळ्याकाठी बहुतेक वेळा निघते ती दिवड, ती बिनविषारी. पण ओळखत बसू नका, नाग, घोणस, मण्यार, फुरसं हे चारही आपल्याकडे आहेत. लांबून नजर ठेवा आणि सर्पमित्राला बोलवा.

निवृत्त_मास्तर

त्यात एक भर. चावलाच तर दोरी आवळायची नाही, ब्लेडने चिरायचं नाही, देवाला नंतर जा. हात-पाय न हलवता तडक सिव्हिल. सापाच्या विषावरचं इंजेक्शन तिथे असतं. आणि तळ्याकाठच्या ताई, उदमांजर असो की माकड, चावलं किंवा ओरखडलं तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी रेबीजचं इंजेक्शन. जखम लहान आहे म्हणून घरी थांबू नका.

बाळीवेस_बॉय

बरं बरं, औषधाचं मागे घेतो. माहीत नव्हतं. पण उंदराचे चिकट पुठ्ठे तरी चालतात ना?

तळ्याकाठची

नको रे भाऊ. आमच्याकडे एकदा त्यावर खार चिकटली होती. गोडेतेल लावून तासभर सोडवत बसलो. सुटली, पण तिचं केविलवाणं ओरडणं अजून आठवतं. तेव्हापासून घरात पुठ्ठा नाही.

तळ्याकाठची

(मार्चअखेर) बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून लिहिते.

रांगोळी पसरली. सासूबाई म्हणाल्या, संक्रांतीची उरलेली आहे, तीच घ्या. पहिल्याच सकाळी पाच बोटं. चौथ्या दिवशी मोठ्या पंजाशेजारी छोटे पंजे, दोन जोड्या तरी असाव्यात. म्हणजे पिल्लं होती आणि ती हिंडायलाही लागली होती. मिस्टरांना घाई होती, मी नाही म्हटलं. पाच आठवडे थांबलो. वरची खोली बंदच ठेवली, मुलगा परीक्षेचा अभ्यास खाली हॉलमध्ये करत होता आणि त्याची तक्रार रोज वेगळी.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आवाज आपोआप कमी झाला. तेव्हा ओळखीच्या फॅब्रिकेटरला बोलावलं. तो आधी हसला, "वहिनी, मांजराला दार करून देऊ?" म्हणाला. त्याने बिजागरी खालच्या अंगाला लावली होती, झाकण उघडं पडून राहिलं. या धाग्यातलं वाचून दाखवलं तेव्हा बदलली. दादा, तुमचं ते "बिजागरी वरच्या अंगाला" मी त्याला तीनदा वाचून दाखवलं.

पाच रात्री झाकण उघडं, सहाव्या दिवशी सोडलं. रद्दीचा बोळा पहिल्या रात्री खाली पडलेला, म्हणजे कोणी तरी बाहेर गेलं. परत लावला. पुढच्या तीन रात्री जसाच्या तसा. मग जाळी. सीलिंगची घाण काढताना मास्क लावला आणि आधी फिनेलचं पाणी शिंपडून मगच झाडली, कोरडी झाडली असती तर सगळी नाकात गेली असती. दोन घमेली निघाली, निम्म्या चिक्कूच्या बिया. एक फळी बदलावी लागली, डाग जात नव्हता.

गेल्या आठवड्यात उत्सुकता म्हणून जिन्याच्या पायरीवर परत रांगोळी टाकली. पाच बोटं आहेतच. पण वर जाणारी नाहीत, खाली झाडाकडे जाणारी. सासूबाईंनी शेंड्याकडचे चिक्कू उतरवू दिले नाहीत.

पत्रा_जाळी_शटर

छान झालं. मृगाआधी एकदा शिडी लावून वॉशर बघून घ्या. गंजले असतील तर आत्ताच बदला, पावसात पत्र्यावर चढता येत नाही. आणि त्या फॅब्रिकेटरचा नंबर मला द्या, मंगल कार्यालयाच्या कामाला एक माणूस कमी पडतोय.