विषय: पावत्यांची शीट लिनक्सवर चालत नाहीये (तातडीचं)

प्रेषक: मंजिरी (खजिनदार)

नमस्कार मंडळी,

मंडळाच्या लॅपटॉपवर निखिलने विंडोज काढून लिनक्स ही फुकट सिस्टीम टाकलीय, हे मला काल देणगीच्या पावत्या काढायला बसल्यावर कळलं. शीट त्यातल्या लिबरऑफिस या फुकटच्या ऑफिसमध्ये उघडते, आकडे दिसतात, पण "पावती तयार करा" या बटणावर कितीही टिचक्या मारा, ढिम्म हलत नाही. वरच्या "श्री गणेशाय नमः"च्या जागी भलतीच रोमन अक्षरं आलीत. लोक जर्मन टॅक्सचे फॉर्म भरायला बसलेत, त्यासाठी पावत्या हव्यात, मला फोनवर फोन येताहेत. एक तर विंडोज परत टाका, नाहीतर नवा लॅपटॉप आणि ऑफिसचं सबस्क्रिप्शन कमिटीने मंजूर करावं. रविवारच्या आत.

---

प्रेषक: निखिल

मंजिरीताई, लिनक्सचं दसऱ्याच्या मीटिंगमध्ये बोललो होतो, मिनिट्समध्ये आहे. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. युरोपात मिळालेली मुदतवाढ वर्षभराचीच. त्या लॅपटॉपवर विंडोज 11 चढत नाही, कारण त्यातला प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत बसत नाही. बाकी मशीन धडधाकट आहे, ते भंगारात का काढायचं?

बटणाचं म्हणाल तर ते ॲक्टिव्हएक्स या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या तंत्राचं आहे. लिबरऑफिस साधेसुधे व्हीबीए मॅक्रो (शीटमध्ये लिहिलेले छोटे प्रोग्रॅम) चालवतं, पण असल्या बटणांपाशी अडतं. आणि नवीन ऑफिसमध्येही ॲक्टिव्हएक्स आता बंद करूनच येतं. म्हणजे पैसे भरूनही हीच रड.

---

प्रेषक: दीपककाका

निखिल, आमच्या म्युनिकचं काय झालं ते विसरू नकोस. 2003 मध्ये नगरपालिकेने लिनक्सवर जायचं मनावर घेतलं, तेव्हा मायक्रोसॉफ्टचे प्रमुख खुद्द स्टीव्ह बाल्मर स्कीइंगची सुट्टी मोडून महापौर क्रिस्तियान उडे यांची मनधरणी करायला आले होते. उडे बधले नाहीत. दहा वर्षं खपून 15,000 च्या आसपास संगणक "लिमुक्स" या स्वतःच्या लिनक्सवर नेले. आणि 2017 मध्ये कौन्सिलने ठराव केला की चला, परत विंडोजवर. एवढी गडगंज नगरपालिका, पदरी पगारी माणसं, तिथे ही गत. आपल्याकडे तू एकटा. उद्या तुला हॅम्बुर्गला नोकरी लागली की आम्ही कोणाच्या दारात जायचं?

---

प्रेषक: वैशाली

काका, अर्धीच गोष्ट सांगितलीत. 2020 मध्ये म्युनिकमध्ये ग्रीन आणि एसपीडी हे पक्ष एकत्र आले तेव्हा त्यांच्या करारात ओपन सोर्सला, म्हणजे कोड खुला असलेल्या सॉफ्टवेअरला, प्राधान्य असं पुन्हा लिहिलं गेलं. आणि उत्तरेकडच्या श्लेसविग-होल्श्टाइन राज्याकडे बघा: 2024 मध्ये 30,000 संगणकांवर लिबरऑफिस आणायचं जाहीर केलं, 2025 च्या ऑक्टोबरपर्यंत 40,000 हून जास्त मेलबॉक्स मायक्रोसॉफ्टच्या एक्सचेंज मेलमधून बाहेर काढले. तिथे बाल्मर आले नाहीत, एवढंच.

मंजिरीच्या अडचणीशी संबंध असलेली गोष्ट मात्र म्युनिकचीच आहे. त्यांनाही मॅक्रोंनीच पिडलं. प्रत्येक खात्याने आपापल्या फॉर्मसाठी आपापले मॅक्रो लिहून ठेवलेले, लिहिणारे कधीच दुसरीकडे गेलेले. शेवटी त्यांनी फॉर्म आणि टेम्पलेटसाठी "वोलमुक्स" नावाचं स्वतःचं साधन लिहिलं आणि 2008 मध्ये जगासाठी खुलं केलं. आपली शीट कोणी लिहिली होती?

---

प्रेषक: सुनील

फॉन्टबद्दल कोणीच बोलत नाही म्हणून लिहितो. ते "श्री गणेशाय नमः" युनिकोडमध्ये (आजच्या सर्वमान्य अक्षरसंकेतात) नाहीये. जुन्या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. फॉन्ट नसला की खालची रोमन अक्षरं उघडी पडतात. लिनक्सचा काही दोष नाही, तो फॉन्ट नसेल तर विंडोजवरही हेच दिसेल. "मुक्ता" टाका, फुकट आहे, खुल्या परवान्याचा आहे, आणि "दुसऱ्या"मधला ऱ्य नीट दिसतो. ओळ पुन्हा टाइप करा. पाच मिनिटांचं काम.

जाता जाता: आपले सुरुवातीचे दिवाळी अंक पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत. तेव्हाचं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर डोंगल (संगणकाला लावायची किल्ली) लावल्याशिवाय सुरूच व्हायचं नाही, आणि ते डोंगल कोणाच्या घरबदलीत गेलं देव जाणे. गंमत म्हणजे त्या पेजमेकर फाइली आज लिबरऑफिस ड्रॉमध्ये उघडतात. पानांची मांडणी थोडी हलते, पण उघडतात. ज्या कंपनीचं पेजमेकर होतं तिने ते केव्हाच मोडीत काढलं.

---

प्रेषक: दीपककाका

सुनील, त्यातल्या एका अंकात माझा हार्त्स पर्वतावरचा लेख आहे. माझ्याकडे त्याची प्रत नाही. पीडीएफ काढून पाठवशील का?

---

प्रेषक: मेधावहिनी

एक बाळबोध प्रश्न. 300 युरोपर्यंतच्या देणगीला 2021 पासून बँकेचा उतारा आणि मंडळाचा एक छापील कागद पुरतो ना? आपल्याकडे बहुतेक जण 50 नाहीतर 100 देतात. मग एवढा घोळ कोणासाठी चाललाय?

---

प्रेषक: मंजिरी (खजिनदार)

मेधावहिनी, कायद्याने पुरतो. पण आपल्या लोकांना हातात पावती लागते, आणि ती नाही मिळाली की फोन मला येतो, फिनान्सआम्टला (टॅक्स ऑफिसला) नाही. शिवाय 300 च्या वरचे आहेतच, आणि त्यांच्या पावतीचा मजकूर सरकारी नमुन्याबरहुकूम लागतो. हाताने टाइप करताना एक ओळ चुकली तर सही माझी.

निखिल, ॲक्टिव्हएक्स सेटिंगमध्ये जाऊन चालू करता येतं. आमच्या ऑफिसात करतात. मिनिट्समध्ये "लॅपटॉपचं बघणे" एवढंच आहे, लिनक्स हा शब्द कुठेही नाही.

वैशाली, शीट अजयने 2011 मध्ये लिहिली. कोडला पासवर्ड आहे. अजय सिंगापूरला गेला.

---

प्रेषक: निखिल

म्हणजे मंजिरीताई, आपल्याला अडवून ठेवलंय ते मायक्रोसॉफ्टने नाही, अजयदादाने.

---

प्रेषक: वैशाली

निखिल, टोमणे नंतर. तू तरी लॅपटॉपवर काय काय टाकलंस, पासवर्ड काय, हे कुठे लिहून ठेवलंयस का? काकांचा हॅम्बुर्गचा प्रश्न मला रास्त वाटतो.

---

प्रेषक: अजय

मी अजून मेलिंग लिस्टवर आहे बरं का, सगळं वाचतोय.

पासवर्ड मंजिरीला वेगळ्या मेलने पाठवलाय. तो घातला होता कारण 2012 च्या कमिटीत कोणीतरी पावती क्रमांकाचा कॉलम "नीट" केला आणि दोन जणांना एकाच नंबरची पावती गेली. कोणी ते मी सांगत नाही. काका, तुम्ही नव्हतात.

कोड शंभरेक ओळींचा आहे. बटण काढून टाका, मॅक्रो मेनूतून चालवा. बहुधा लिबरऑफिसमध्ये तेवढ्यावर भागेल. निखिलला पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत नव्याने लिहायचं असेल तर खुशाल लिहू दे, फक्त क्रमांक देणारा भाग मला दाखवल्याशिवाय वापरू नका. आणि सुनील, श्रीगणेशाची ओळ तशीच ठेव, फक्त फॉन्ट बदल. मागे कोणीतरी तिथे मंडळाचा लोगो टाकला होता.

---

प्रेषक: सुनील

अजय, नुसता फॉन्ट बदलून भागत नाही, ओळ नव्याने टाइप करावीच लागते. वर सविस्तर लिहिलंय. आणि तो लोगो मीच टाकला होता, जनरल बॉडीत मंजूर करून.